तुमच्या नावाची पाटी

मायाप्पा सर,

तुम्ही जाऊन महिना झाला नाही, तोवर गावानं तुम्हाला खोटं बोलायला लावलंय. काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे, सोनेरी अक्षरं आहेत, आणि त्या अक्षरांत तुम्ही असं काही सांगताय जे जिवंतपणी तुमच्या तोंडून कुणालाही वदवता आलं नाही. तुमच्या मातीला आले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. नुसती उभी होते, कुणीतरी पाणी आणून दिलं ते प्यायले. पाटी पाहिली आणि असा संताप आला की त्याच्याबरोबर अडकलेलं सगळं बाहेर पडलं. लोकांना वाटलं, बाईंना पाटी बघून भरून आलं. वाटू दे.

आता तुम्ही काही करू शकत नाही, म्हणून मीच बोलते. आपण एवढी वर्षं भांडलो ते फुकट जाऊ देणार नाही.

मी खंडाळ्याकडची. बदली होऊन आटपाडीच्या पूर्वेच्या या गावात आले, तेव्हा शाळेनं मला मराठी दिलं आणि तुमच्या शेजारचा वर्ग. मधल्या भिंतीत एक झरोका होता. मी कविता शिकवायला लागले की पलीकडून पोरं एका सुरात ओरडायची, "कुणी सांगितलं?" मला वाटलं मास्तर वर्गात नाहीत आणि दंगा चाललाय. तणतणत आले, तर तुम्ही खुर्चीवर घोंगडी टाकून निवांत बसलेले, हातात इतिहासाचं पुस्तक. वाचलंत, "राजाने किल्ला बांधला." पोरं ओरडली, "कुणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "पुस्तकानं." "मग कुणाला इचारलं न्हाई?" तुम्हीच विचारलंत आणि हात वर व्हायला लागले. दगड फोडणारे. चुना मळणारे. पाणी वाहणारी बाई. तिचं पोर. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, गाढव. सगळा वर्ग खिदळला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "गाढवाला बी इचारलं न्हाई, खरं हाय." मग दारात उभी असलेली मी तुम्हाला दिसले. "या की बाई. तुमाला बी कुणी काय इचारलं नसंल."

असा माणूस मी आधी पाहिला नव्हता. आणि खरं सांगते, पहिलं वर्षभर तुम्ही मला अजिबात आवडला नाहीत.

तुमच्या त्या दोन प्रश्नांनी गावाला हैराण केलं होतं. पोरं कंडक्टरला विचारायची, दवाखान्यातल्या नर्सला विचारायची. तुमच्या वर्गातल्या प्रणालीची आई एकदा शाळेत येऊन म्हणाली, "सर, ह्या पोरीला आवरा. बा म्हनला कालवण झ्याक झालंय, तर म्हनती कुणी सांगितलं, आणि आईला इचारलं का." तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणालात, "मग इचारलं का तुमाला?" ती बाई थबकली. मग पदर तोंडाला लावून हसत निघून गेली. प्रणालीचं घर मेंढरांचं, दिवाळीनंतर आईबाप कळप घेऊन कृष्णाकाठाला जातात आणि पोरगी चुलतीकडं राहते. त्या घरात बाईला काही विचारतात, हे तुमच्या तासाचं फळ म्हणायचं की कुरापत, यावर आपण मधल्या सुट्टीत भांडलो होतो.

भांडण हे आपलं रोजचं जेवण होतं. तुम्ही थर्मासमधून हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं आणायचात, माझ्या कपात ओतायचात आणि सुरू करायचात. मी म्हणायची, लहान पोरांना आधी धरायला काहीतरी द्या, मग सोडायला शिकवा. तुम्ही म्हणायचात, "आवं बाई, एकदा धरलं की कोण सोडतंय? तुमी आमी तरी सोडलं का?" मी म्हणायची, तुम्ही प्रत्येक थोर माणसाचा हार काढून टाकताय. तुम्ही म्हणायचात, हार काढल्याशिवाय तोंड दिसत नाही. हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकवलंत की शेवटी मी कप पुढं करून म्हणायची, तोंड पुरे, माडगं ओता.

आणि मग त्या दगडाचं प्रकरण झालं.

शाळेमागं ओढ्याच्या काठाला वीराचा दगड आहे. कुणीतरी कधीतरी लढताना पडला म्हणून उभा केलेला. मी आले तेव्हा त्यावर शेंदराची एवढी पुटं चढलेली की आत काय कोरलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. यात्रेला नारळ फुटायचे, बाकी वर्षभर शेरडं टेकायची. तुम्ही पोरांना कोरीव दगडाचा ठसा घ्यायला शिकवलंत, वर कागद धरायचा आणि कोळसा घासायचा. शाळेच्या जात्याचा ठसा घेतला, देवळाच्या पायरीचा घेतला. पोरांना नाद लागला. आणि तुम्ही ट्रेनिंगला सांगलीला गेला असताना पाचवीच्या पोरांनी डोकं चालवलं. वीराचा ठसा उमटेना, कारण शेंदूर मऊ. मग घरोघरचं रॉकेल आणि नारळाच्या शेंड्या घेऊन त्यांनी देव घासून काढला. यात्रा तोंडावर आलेली असताना!

तुम्ही परत आलात, ओढ्यावर गेलात आणि डोक्याला हात लावून म्हणालात, "आता मेलो." पण लगेच गुडघ्यांवर बसलात. मी तिथंच होते. तुमचा चेहरा मला आठवतोय, यात्रेतल्या पोरासारखा झाला होता. सगळ्यात खाली जनावरं. मध्ये एक माणूस हात उगारून. त्याच्या मागं, अंगठ्याएवढा, आणखी एक.

तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, थोरल्या वाड्याचे. त्यांची पोरं दक्षिणेत गलाईच्या धंद्यात, सोनं गाळून गावाकडं बंगले बांधलेले. त्यांनी पोरांच्या हातातल्या शेंड्या पाहिल्या आणि प्रणालीकडं बोट केलं. "ही धनगराची पोरगी म्होरं हुती म्हनं. कुणाच्या सांगण्यावरनं देव नागडा केला गं?"

"माझ्या," तुम्ही म्हणालात.

तुम्ही तर गावातच नव्हता. ते तात्यांना माहीत होतं, पोरांना माहीत होतं, मला माहीत होतं. पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही, "कुणी सांगितलं?" त्या दिवशी तुम्ही मला आवडायला लागलात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगून टाकते.

पुढं यात्रेत गंमतच झाली. शेंदूर पुन्हा चढवायचा तर आधी सगळ्यांना बघायचं होतं. नारळ हातात धरून माणसं वाकायची आणि भांडायची. वाड्याची माणसं म्हणायची, गाई आहेत, गाई सोडवताना पडला तो आमचा मूळपुरुष. धनगरवस्ती म्हणायची, डोळे फुटले का, मेंढरं हायेत, हा आमचा. दगड इतका झिजलेला की ते जनावर तुम्ही म्हणाल ते होतं. शेवटी सगळ्यांनी तुम्हाला धरलं. तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा. तुम्ही नीट बघितलंत, बोटानं चाचपलंत, आणि म्हणालात, "ठाऊक न्हाई."

तुमचे म्हातारे मामा पटका काढून तुमच्या पुढं उभे राहिले. "मायाप्पा, आरं तू आमचा. एवढा शिकलास, येक मेंढरू तरी म्हन की." माणसं हसली, पण मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "मामा, ठाऊक असतं तर मीच आधी वरडलो असतो." मामा सहा महिने तुमच्याशी बोलले नाहीत. शेंदूर काही पुन्हा चढला नाही, कुणी चढवायचा तेच ठरेना. वाड्याकडून तक्रार गेली ती वेगळीच. शिक्षण खात्याचे साहेब आले, म्हणाले पुस्तकाबाहेरचं शिकवू नका. तुम्ही म्हणालात, पुस्तकातलंच शिकवतो, पोरं पुस्तकालाच प्रश्न विचारतात. साहेबांनी चहा घेतला आणि जाताना पोरांना विचारलं, "मग, अभ्यास चांगला चाललाय ना?" पोरं काय ओरडली ते तुम्हाला ठाऊकच आहे. साहेब गाडीत बसेपर्यंत तुम्ही हसू दाबून उभे होतात, मिशी थरथरत होती.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडं येते. ते अर्धंच राहिलंय.

गाय का मेंढरू, यावर गाव भांडत होतं. त्या मागच्या अंगठ्याएवढ्या माणसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. त्याच्या हातात काठी आहे. आमचं घर बौद्ध, आजोबांनी धम्म घेतला. त्याआधी घरात वेसकराचं काम होतं. माझे वडील सांगायचे, वेशीवर काठी घेऊन आपलीच माणसं उभी असायची, पहिला घाव त्यांच्या अंगावर यायचा आणि गाणी दुसऱ्याची व्हायची. मी तुम्हाला म्हटलं, सर, पोरांना निदान शक्यता म्हणून सांगा, मागचा माणूस वेसकर असू शकतो. तुम्ही म्हणालात, "ठाऊक न्हाई, बाई."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ज्यांचं सगळं लिहून ठेवलंय त्यांना हे म्हणणं परवडतं सर. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलंय. तुम्ही कोण होता, ठाऊक नाही. तुमचं काय गेलं, ठाऊक नाही. आमच्या भिंतीवर एकच फोटो होता, त्याला रोज हार असायचा. त्या हारानं आम्हाला माणूस केलं. तुम्ही खुशाल सगळ्यांचे हार काढत बसा."

तुम्ही थर्मासचं झाकण फिरवलंत. मग माझ्या कपात माडगं ओतलंत. म्हणालात, "माझं तरी कुठं लिवलंय बाई?"

खरं होतं ते. पण मी हटले नाही, म्हटलं, "मग तुम्हीही मेंढरू म्हणा!" तुम्ही इतके हसलात की निम्मं माडगं टेबलावर सांडलं. मग डोळे पुसत म्हणालात, "तुमी सांगा की पोरांना. मी कशाला? माझ्या वर्गात या आणि सांगा."

आणि मी म्हटलं, "इतिहास तुमच्या तासाला होतो. तुम्ही सांगितलं तर तो इतिहास. मी सांगितलं तर ती बौद्धवाड्याची बाई आपल्या माणसांचं ओढतीय."

 तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. नंतर कितीदा वाटलं, आज उत्तर येईल, उद्या येईल. तुम्ही थर्मास उघडायचात आणि दुसरंच काहीतरी काढायचात. ते उत्तर तुमच्याकडं बाकी आहे सर. असं मध्येच उठून जायचं नसतं.

गेल्या आठवड्यात शाळेत तुमची शोकसभा झाली. तुमचा फोटो, त्याला हार. फोटोत तुमची मान अशी आखडलेली, जणू हार टोचतोय. हेडमास्तरांनी वर्गात थोरांच्या फोटोंच्या रांगेच्या शेवटी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. सगळं गाव आलेलं. तात्या बोलायला उठले. "मायाप्पा सर आमच्या घरातलेच. सगळं गाव त्यांच्या पाठीशी हुभं हुतं." मी पोरांकडं बघितलं. पोरं तात्यांकडं बघत होती.

मग तात्यांनी फडकं ओढलं. पाटी. वाड्याच्या घराण्याचा मूळपुरुष, गोरक्षणार्थ धारातीर्थी पडलेला वीर. आणि खाली, संशोधन, कैलासवासी मायाप्पा गुरुजी. यात्रेला दगडाजवळ बसवणार. टाळ्या वाजल्या. तुमच्या मंडळींना पुढं बोलावून नारळ दिला, त्या बिचाऱ्या पाटी वाचायच्या मनःस्थितीतही नव्हत्या.

टाळ्या थांबल्या आणि प्रणाली उभी राहिली. ओरडली नाही ती. वर्गात उत्तर द्यायला उठावं तशी उठली, हाताची घडी घालून.

"कुणी सांगितलं?"

तात्या हसले. "सरांनीच, बाळ. सरांचंच संशोधन हाय ते."

"आणि सरांना इचारलं का तुमी?"

 मागं पोरांच्यात कुजबुज झाली आणि थांबली. तात्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "बाई, तुमी सांगा. तुमी हुता की रोज सरांच्या संगं."

ते मला का म्हणाले, कळलं मला. बदलीवरची बाई, एकटी राहते, शहाणी आहे, गप्प बसेल. माइक माझ्या हातात आला. सगळं गाव समोर. दोन वर्षं तुमच्याशी ज्या एका वाक्यासाठी भांडले ते अगदी ओठांवर होतं. मागचा माणूस आमचा आहे. त्या दिवशी म्हणाले असते तर पाटीइतकंच ते वजनदार झालं असतं, कारण ते पण तुमच्या नावावर खपलं असतं. मेलेला माणूस नाही म्हणत नाही.

मी म्हटलं, "सर म्हणायचे, ठाऊक नाही. गाय का मेंढरू, ठाऊक नाही. कुणाच्या घरचा, ठाऊक नाही. मला ते पटायचं नाही. मी त्यांच्याशी भांडायची. पण ते हेच म्हणायचे, आणि हे मला त्यांनी स्वतः सांगितलंय. या पाटीवर त्यांचं नाव राहणार नाही."

गलका झाला. त्यात मागून तुमचे मामा उठले, पटका सावरत. "मला बी त्यो ह्येच म्हनला हुता. लय राग आला हुता मला त्याचा. पर म्हनला ह्येच." आणि बसले. बसताना त्यांनी डोळ्यांना पटक्याचा शेव लावला. सर, तुमच्या त्या दोन शब्दांपायी ज्याला तुम्ही सहा महिने गमावलंत, तोच त्या शब्दांना साक्षीदार राहिला.

तात्यांनी पाटी गाडीत घालून नेली. यात्रेला बसवणार म्हणतात, बघू कोण आडवं येतंय. निरोप आलाय, बाईंना सांगा, खंडाळा लांब आहे, पण त्याहून लांबही गावं आहेत. मी निरोप आणणाऱ्याला विचारलं, कुणी सांगितलं? तो वरमला. यात्रेला मी दगडाजवळ उभी राहणार आहे. सातवीची पोरं येणार आहेत, मामा येणार आहेत. प्रणालीचे आईबाप तोवर कळप घेऊन परतलेले असतील, तेही येतो म्हणालेत. पाटी बसवायची तर आम्हाला विचारून बसवावी लागेल.

तुमचा तास सध्या माझ्याकडं आहे, नवीन सर येईपर्यंत. काल पोरांना ओढ्यावर घेऊन गेले. आणि सांगितलं त्यांना, इतिहासाच्या तासाला, माझ्या तोंडानं. वेशीवरच्या काठीचं, पहिल्या घावाचं, गाणी कुणाची झाली त्याचं. सगळी एका दमात ओरडली, "कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "त्यांना त्यांच्या वडिलांनी. लिहिलेलं कुठंही नाही."

"आणि कुणाला इचारलं न्हाई, बाई?"

मी त्या अंगठ्याएवढ्या माणसाकडं बोट केलं.  मग प्रणालीनं दप्तरातून कागद काढला आणि दगडावर धरला. आजवर या दगडाचे कितीतरी ठसे घेतले पोरांनी, सगळे मधल्या वीराचे. तिनं कागद खाली सरकवला, कडेला नेला आणि कोळसा घासायला सुरुवात केली. हळूहळू काठी आली. मग खांदा आला. मग तो सगळा आला, एकटा, कागदाच्या मधोमध. हात उगारलेला वीर कागदाच्या बाहेर राहिला.

तुमचा फोटो मी कपाटात ठेवलाय, हार काढून. थोरांच्या रांगेत तुमच्यासाठी ठोकलेल्या खिळ्यावर तो कागद लावलाय. खाली नाव लिहिलेलं नाही. आता या भांडायला.